दोन घरं फुटली म्हणून राहतं घर विकायचं का?

वाचकाचं पत्र: “आई-बाबा पुण्यात कर्वेनगरला जुन्या सोसायटीत राहतात. तीन मजले, चोवीस फ्लॅट, लिफ्ट नाही. त्यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. गेल्या पंधरवड्यात गल्लीतली दोन बंद घरं फुटली, दोन्ही भरदुपारी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवी बातमी येते. आई म्हणते, हा भाग आता राहण्यासारखा उरला नाही, विकून बाणेरला टाउनशिपमध्ये जाऊ. बाबा म्हणतात, चाळीस वर्षं इथं आहोत, काही होत नाही. कमिटीनं कॅमेऱ्यांसाठी चाळीस हजार रुपये काढलेत. दिवाळीनंतर दोघं तीन महिने माझ्याकडे येणार आहेत, तेव्हा घर बंद राहील. भाग खरोखर असुरक्षित झालाय का, हे कळायचं कसं? आणि आधी काय करायचं?” – एक लेक, नवी मुंबई

नमस्कार,

घर विकायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पण बाबांचं ‘काही होत नाही’ही आत्ता मान्य करू नका. घरफोडीवर वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. एक घर फुटलं की पुढचे काही आठवडे त्याच्या आसपासच्या शे-दोनशे मीटरांतल्या घरांचा धोका वाढतो. चोराला गल्ली कळलेली असते, दारं कशी आहेत, दुपारी कोण घरी नसतं हेही कळलेलं असतं. म्हणजे तुमच्यासाठी हेच दिवस महत्त्वाचे आहेत आणि दाराचं काम दिवाळीपर्यंत थांबवण्यासारखं नाही.

आधी आकड्यांबद्दल. ग्रुपवर ‘पुण्याचा क्राइम रेट इतका वाढला’ असं जे फिरतं, ते बहुतेक वेळा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातून उचललेलं असतं. त्या अहवालात आकडे अख्ख्या शहराचेच मिळतात, दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे. मोहल्ल्याचा, पोलीस ठाण्याचा आकडा त्यात नसतो. शिवाय महानगरांचा दर काढताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात. तेव्हापासून पुणे किती पसरलं ते तुम्ही पाहिलंच आहे. गुन्हे आजचे आणि माणसं २०११ ची, असा भागाकार केला की वाढत्या शहराचा दर फुगलेलाच दिसणार. त्यात २०१८ च्या ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, त्यामुळे त्याआधीचे पुणे शहराचे आकडे आणि नंतरचे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. अशा आकड्यावरून कर्वेनगरातल्या एका गल्लीबद्दल काहीच ठरत नाही.

तुमच्या कामाची माहिती दुसरीकडे आहे आणि ती फुकट मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळून, बाकीचे एफआयआर पोलिसांना संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ असा भाग आहे. तिथं जिल्हा म्हणून ‘पुणे शहर’ निवडा, मग पोलीस ठाणं, मग तारखा. आधी घराची हद्द कोणत्या ठाण्याची ते विचारून घ्या. त्या पट्ट्यात कोथरूड, अलंकार, वारजे अशी ठाणी शेजारी-शेजारी आहेत आणि रस्ता ओलांडला की हद्द बदलू शकते. हद्दीजवळ राहणाऱ्यांनी शेजारच्या ठाण्याचेही एफआयआर पाहावेत.

महिना-महिना करत गेल्या दोन-तीन वर्षांचे एफआयआर काढा आणि कलमांवरून गाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा त्या तारखेनंतर घरफोडीला कलम ३३१ (बहुधा जोडीला ३०५) दिसेल. ३३१(३) म्हणजे चोरीसाठी दिवसा केलेली घरफोडी, ३३१(४) म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली. त्याआधीच्या नोंदींत हेच गुन्हे भारतीय दंड संहितेच्या ४५४ (दिवसा), ४५७ (रात्री) आणि ३८० खाली असतील. साखळी हिसकावण्याला आता ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. जुन्या कायद्यात ते नव्हतं, तेव्हा हे गुन्हे चोरी किंवा जबरी चोरीत विखुरलेले असायचे. हा बदल लक्षात न घेता तुलना केली तर ‘हिसकावण्याचे गुन्हे शून्यावरून वर गेले’ असं काहीतरी भलतंच निघेल.

प्रत्येक एफआयआरमध्ये चार गोष्टी पाहा. रकाना ३ मध्ये गुन्हा किती ते किती वाजेदरम्यान घडला ते असतं. रकाना ५ मध्ये ठाण्यापासूनची दिशा, अंतर, बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग) क्रमांक आणि पत्ता. रकाना १० मध्ये गेलेल्या मालाची किंमत. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना १२, म्हणजे फिर्यादीची हकीकत. ‘दाराचा कडी-कोयंडा उचकटून’, ‘बाथरूमच्या खिडकीच्या काचा काढून’, ‘शू-रॅकमध्ये ठेवलेल्या चावीने’, ‘उघड्या दारातून’ असं तिथं लिहिलेलं असतं. एका वहीत वेळ, मजला आणि आत शिरण्याची वाट अशा तीन ओळी लिहीत जा. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं, आणि कुठल्याही सरासरी दरापेक्षा ते तुमच्या जास्त उपयोगाचं असतं.

दर काढायचाच असेल तर लोकसंख्येवर काढू नका, घरांवर काढा. समजा बीटमध्ये सहा हजार घरं आहेत आणि वर्षात नऊ घरफोड्या झाल्या, तर हजार घरांमागे दीड. पुढच्या वर्षी बारा झाल्या तर ‘३३ टक्के वाढ’ अशी बातमी होईल, पण हजारामागे दीडाचे दोन झाले इतकाच तिचा अर्थ. आकडे लहान असले की टक्केवारी घाबरवते. उलट बाजूही ध्यानात ठेवा. चोरीला गेलेली वस्तू ‘गहाळ’ म्हणून नोंदवली गेली तर ती गुन्ह्यांत मोजलीच जात नाही. कमी आकडा म्हणजे कमी चोऱ्या, असंही नसतं.

बीटनिहाय आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. तपासाची कागदपत्रं मागाल तर नकार येऊ शकतो, म्हणून फक्त संख्या मागा: गेल्या तीन वर्षांतल्या दिवसाच्या व रात्रीच्या घरफोड्या, महिनानिहाय, बीटनिहाय, आणि त्यातल्या उघडकीस आलेल्या किती. बाणेरच्या टाउनशिपबद्दलही हाच अभ्यास त्या हद्दीतल्या ठाण्याचे एफआयआर काढून करा, मगच आईशी बोला. मोठं गेट आणि गणवेशातले रखवालदार दिसले की सुरक्षित वाटतं, पण तिथं दिवसाला शेकडो लोक आत-बाहेर करतात आणि गेटवर विसंबून घरं साध्या लॅचवर सोडली जातात.

आता चाळीस हजारांचं. आमचं स्पष्ट मत आहे की हे पैसे आधी दारांवर खर्च करावेत, उरले तर कॅमेऱ्यांवर. कॅमेरा चोरी झाल्यावर उपयोगी पडतो. दुपारी दोन वाजता कटावणी घेऊन आलेल्या माणसाला दारच अडवतं.

आई-बाबांच्या दाराजवळ उभे राहून नीट बघा. त्या काळच्या इमारतींत बहुधा ३०-३५ मिलिमीटर जाडीचं फ्लश डोअर असतं, आतून नाईट लॅच आणि बाहेरून अल्ड्रॉपला, म्हणजे सरकवायच्या आडव्या कडीला, लटकवलेलं कुलूप. कुलूप भक्कम असतं, पण चोर त्याच्या वाटेला जातच नाही. दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत कुलपाजवळ कटावणी घालून तो रेटतो. लॅचची जीभ ज्या पट्टीत अडकते, ती पट्टी चौकटीवर दोन लहान, जेमतेम इंचाच्या स्क्रूंवर बसवलेली असते. चाळीस वर्षांत लाकूड आकसून भोकं सैल झालेली असतात. दोन हिसक्यांत पट्टी निघून हातात येते. अल्ड्रॉपच्या कोयंड्याचंही तेच होतं. बातम्यांत ‘कडी-कोयंडा उचकटून’ वाचता ना, ते हेच.

उपाय सुताराच्या एका फेरीतला आहे. जिभेची पट्टी बदलून लांब, जाड पत्र्याची, चार भोकांची घ्या. स्क्रू ७५ मिलिमीटरचे, म्हणजे तीन इंची वापरा. जुन्या सागवानी चौकटीत ते तसेच पिळले तर लाकूड चिरतं किंवा स्क्रूचं डोकं तुटतं, म्हणून आधी ड्रिलनं स्क्रूच्या दांड्याहून बारीक भोक पाडायचं आणि स्क्रूला साबण लावायचा. स्क्रू बसवण्याआधी चौकट हातानं हलवून पाहा. ती भिंतीतच सैल असेल तर पट्टीचा उपयोग नाही. मग चौकटीतून भिंतीत जाणारे १००-१२० मिलिमीटरचे अँकर, बाजूला तीन-तीन, मारून घ्यावे लागतील. नाईट लॅचच्या जोडीला एक इंच बाहेर येणारी चौकोनी जीभ असलेला डेडबोल्ट बसवा, लॅचच्या वर किंवा खाली निदान फूटभर अंतरावर, म्हणजे एका जागी रेटा देऊन भागत नाही. बाहेर जाताना दार नुसतं ओढून घेऊ नका, किल्ली फिरवा. लॅचची तिरकी जीभ पातळ पट्टीनंही मागे सरकते.

बाहेरचं लटकतं कुलूप काढूनच टाका. जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतं की घरात कोणी नाही. कुलूप दाराच्या आतल्या अंगाला असलं की बाहेरून काहीच कळत नाही. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर त्याच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला येतात आणि खिळा ठोकून काढला की दार उचलता येतं. खिळ्याचं टोक वेल्ड करून घ्या किंवा न निघणाऱ्या खिळ्याच्या बिजागऱ्या बसवा. एक खबरदारी मात्र घ्या. आतूनही किल्लीनंच उघडणारं कुलूप बसवलं तर आगीच्या वेळी वयस्कर माणसं अडकतात. आतून मुठीनं फिरणारंच घ्या. आणि किल्ली कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, गॅसच्या कपाटात ठेवायची सवय आजपासून बंद. या जागा सगळ्यांना ठाऊक असतात.

पहिल्या मजल्याचं दुसरं दुखणं मागच्या बाजूला आहे. कंपाउंडची भिंत, तिच्यावरून स्कूटरची पत्र्याची शेड, शेडवरून सज्जा आणि सज्जावरून बाल्कनी: जुन्या सोसायट्यांत ही पायरी सहज तयार झालेली असते. डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतल्या, सांडपाण्याच्या पाइपांचंही तेच. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक करून सरकवून काढता येतात. तिथं आतून जाळी बसवा, दोन गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको. बाल्कनीच्या ग्रिलला मात्र आतून उघडणारी एक खिडकी ठेवा आणि तिची किल्ली ग्रिलपासून हात पोचणार नाही, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी टांगा. शेड हलवता आली तर उत्तमच.

एवढं करून पैसे उरले तर कॅमेरे. चारच घ्या, पण नीट लावा: गेट, जिन्याचं तोंड, पार्किंग, मागची बाजू. नेहमीची चूक म्हणजे गेटवरचा कॅमेरा वर पहिल्या मजल्याच्या उंचीला लावून अख्खा रस्ता दिसेल असा ठेवायचा. मग चित्रात टोप्या दिसतात, चेहरे दिसत नाहीत. अनोळखी माणूस ओळखू येण्यासाठी चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते, म्हणजे त्यात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंद जागा बसवली की चेहरा गेला. जिन्याच्या तोंडाशी एक कॅमेरा सहा-साडेसहा फुटांवर, येणाऱ्याच्या समोर हवाच. साठवणीचा हिशोब असा: २ एमबीपीएसला (सेकंदाला दोन मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी घेतो, चार कॅमेरे तीस दिवसांत २.६ टीबी. विक्रेता एक टीबीची डिस्क देऊन मोकळा होतो आणि बाराव्या दिवशी जुनं पुसायला लागतं. गावाहून परतल्यावर चोरी कळणाऱ्यांच्या हाती मग काहीच लागत नाही. चार टीबीची डिस्क मागा. रेकॉर्डर वॉचमनच्या खोलीत उघडा ठेवू नका, कुलपाच्या पेटीत ठेवा, छोटा यूपीएस जोडा. दर रविवारी त्याचं घड्याळ मोबाईलशी ताडून पाहा, कारण वीस मिनिटं चुकलेल्या घड्याळावरून तपासात घोळ होतो. चित्रण पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. रेकॉर्डर कोण सांभाळतं त्याचं नाव कमिटीच्या ठरावात आत्ताच लिहून ठेवा.

गल्लीतले बंद दिवे ही महापालिकेची जबाबदारी आहे. पीएमसी केअर अ‍ॅपवर तक्रार करताना खांबावर रंगवलेला क्रमांक टाका. ‘कोपऱ्यावरचा दिवा’ असं लिहिलं तर तक्रार फिरत राहते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अशा वेळी सोसायटीत पहिला संशय कामवाल्या मावशी, कचरा नेणारे, डिलिव्हरीची मुलं यांच्यावर जातो. कुणाचा फोटो ‘संशयित’ म्हणून ग्रुपवर फिरवू नका. त्या माणसाचं काम आणि अब्रू एका दुपारीत जाते, आणि खरा चोर तोवर दुसऱ्या गल्लीत पोचलेला असतो. भाडेकरूंची माहिती पोलिसांना रीतसर द्या, कामाला ठेवलेल्यांची पडताळणी करून घ्या, पण पिशव्या तपासण्याचा प्रकार नको. सकाळी सहा वाजता गल्लीत येणारी ही माणसं तुमचे सगळ्यात चांगले डोळे आहेत. रात्री उघडं राहिलेलं गेट त्यांनाच आधी दिसतं.

आईंना घराइतकाच धोका रस्त्यावर आहे. फिरायला जाताना समोरून वाहनं येतील अशा बाजूनं चालावं, म्हणजे दुचाकी मागून अंगावर येत नाही. मंगळसूत्र ओढणीखाली किंवा पदराखाली राहू द्यावं. त्याहून नीट समजावून सांगायचा प्रकार म्हणजे तोतया पोलिसांचा. साध्या वेशातला एखादा इसम थांबवतो, ओळखपत्र झटकन दाखवतो, “आजी, पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा,” म्हणतो. तेवढ्यात दुसरा येतो आणि मुकाट्यानं आपली साखळी काढून देतो. तो त्यांचाच साथीदार असतो. पुडी बांधून परत देतात, घरी उघडल्यावर आत खडे निघतात. पोलीस कधीही रस्त्यात दागिने काढायला सांगत नाहीत. असं कोणी म्हटलं की जवळच्या दुकानात शिरायचं आणि ११२ लावायचा, एवढंच पाठ करून घ्या. फोनवरून ‘तुम्हाला अटक झाली आहे’ म्हणणाऱ्यांसाठी १९३०, ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी.

सोनं बँकेत ठेवा, पण नियम माहीत असू द्या. लॉकरमधल्या मालाचं चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे नुकसान झालं तर, १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार, बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. बाकीच्यासाठी विमा वेगळा. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन आणि पावती तुमच्या फोनमध्ये ठेवा, घरातल्या कपाटात नाही.

आणि घर फुटलंच, तर आत शिरू नका, कपाटाला हात लावू नका. ११२ लावा, ठसेतज्ज्ञ येऊन जाईपर्यंत बाहेर थांबा. हद्दीचा वाद निघाला तर कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सही करण्याआधी कलम, वेळ आणि दागिन्यांची वजनं वाचून घ्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते. दोन दिवसांनी आणखी काही गेल्याचं लक्षात आलं तर पुरवणी जबाब द्या. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

दिवाळीनंतर निघण्याआधी बाबांनी ठाण्यात जाऊन घर कधीपासून कधीपर्यंत बंद आहे ते कळवावं आणि बीटवरच्या पोलिसांचा नंबर घ्यावा. पेपर आणि दूध नुसतं ‘उद्यापासून नको’ म्हणून थांबवलं की चार जणांना कळतं, म्हणून पेपर शेजारी चालू ठेवून घ्यावा. समोरच्या घरी एक किल्ली द्या आणि आठवड्यातून दोनदा, ठरावीक वारी नव्हे, संध्याकाळी हॉलचा दिवा लावून पडदे हलवायला सांगा. दाराशी साचलेली पत्रकं उचलायलाही. गॅस, पाण्याचा मुख्य नळ बंद केल्यावर शेवटची फेरी बाथरूमची घ्यायची. ती काचेच्या पट्ट्यांची खिडकी हातानं ओढून बघायची, आणि मगच बॅगा खाली न्यायच्या.